शेजाऱ्यांची पेढी

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला शारांत नदीच्या काठी कोन्याक नावाचे लहानसे गाव आहे. त्या गावाच्या नावाचे मद्य जगभर विकले जाते. आपल्यासारख्या कुटुंबांत त्या मालाची वाखाणणी होण्याचे कारण नाही आणि या लेखातही ती होणार नाही. परंतु तेथील एका व्यापारी घराण्याची हकिकत मात्र आपल्या पेढ्यांवर बसणाऱ्या तरुणांनी अवश्य वाचावी अशी आहे. घराण्याचे नाव मोने. लहान लहान द्राक्षबागायतदारांनी एकत्र येऊन काढलेल्या पेढीचा कारभार वडील पाहत असत. थोरला मुलगा जाँ मोने, जन्म १८८८चा. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो धंद्यास लागला. प्रथम लंडनला राहून व्यापाराची रीत शिकला आणि अठराव्या वर्षी कॅनडातील विनिपेगकडे माल विकण्यास निघाला. निघताना वडिलांनी त्याला सांगितले, की बरोबर पुस्तके नेऊ नकोस. आगगाडीच्या खिडकीतून बाहेर पाहा, शेजारी बसलेल्या माणसाशी बोल. हा सल्ला मोने यांनी म्हातारपणी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवला आहे.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा हा मुलगा पंचवीस वर्षांचा होता. इंग्लंड आणि फ्रान्स एकाच शत्रूशी लढत होते, पण गहू आणि जहाजे मात्र एकाच बाजारात, एकमेकांवर चढ्या बोलीने घेत होते. एका घरातील दोन भाऊ एकाच लिलावात परस्परांविरुद्ध बोली लावू लागले, तर लाभ कोणाचा, हे व्यापाऱ्याच्या मुलास कोणी शिकवावे लागत नाही. मोने ओळखीपाळखीने थेट फ्रान्सचे पंतप्रधान व्हिव्हियानी यांना जाऊन भेटला आणि खरेदी व वाहतूक एकत्र करण्याची कल्पना त्यांच्यापुढे मांडली. ती पूर्णपणे अमलात यायला दोन-तीन वर्षे गेली. पण युद्धाच्या उत्तरार्धात ब्रिटन, फ्रान्स आणि इटली यांची गव्हाची खरेदी एकाच मंडळामार्फत होऊ लागली. युद्धानंतर मोने राष्ट्रसंघाचा उपमहासचिव झाला आणि १९२३ साली ते मोठे पद सोडून कोन्याकला परतला, कारण घरची पेढी अडचणीत आली होती. आपल्यापैकी अनेकांना यात नवल वाटणार नाही.

त्याच १९२३ साली युरोपात वसुलीचा एक विलक्षण प्रयोग चालू होता. तो समजून घेण्यासाठी थोडा भूगोल पाहावा लागेल.

जर्मनीच्या पश्चिमेस रूर नदीच्या खोऱ्यात उत्तम कोळसा. फ्रान्सच्या ईशान्येस लॉरेन प्रांतात लोखंडाचे खनिज, काहीसे निकस परंतु विपुल. पोलाद करायचे तर दोन्ही हवेत. निसर्गाने हा माल एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर ठेवला आणि माणसांनी मधून सीमा आखली. ती सीमादेखील स्थिर नव्हती. १८७०-७१ च्या युद्धानंतर लॉरेनचा मोठा भाग जर्मनीने घेतला, १९१९ साली तो फ्रान्सकडे परत आला, १९४० साली पुन्हा गेला, १९४५ साली पुन्हा आला. पाऊणशे वर्षांत तीन युद्धे झाली. पोलादाच्या भट्ट्या ज्याच्या हाती, तोफा त्याच्या हाती. म्हणून प्रत्येक तहात विजेत्याने शेजाऱ्याच्या खाणीवर हात ठेवण्याचा प्रयत्न केला.

१९२३चा प्रयोग याच जातीचा होता. पराभूत जर्मनीने नुकसानभरपाईपोटी द्यावयाच्या कोळशाचे आणि लाकडाचे हप्ते थकवले, म्हणून जानेवारीत फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य रूरमध्ये शिरले. ऋणकोच्या दुकानात शिरून गल्ल्यावर बसावे, तसा प्रकार. कामगारांनी हत्यारे खाली ठेवली, सरकारने त्यांना घरबसल्या पगार देण्यासाठी नोटा छापल्या आणि वर्षअखेरीस एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क असा भाव झाला. ठेवीदार धुळीस मिळाले. कोळसा मिळाला तोही अपेक्षेहून कितीतरी कमी, आणि त्या अपमानातून जे राजकारण पुढे उगवले त्याची किंमत जगाने १९३९ नंतर मोजली. कर्ज खरे होते, दावाही कायदेशीर होता. पण ऋणकोचे दुकान बुडवून वसुली होत नाही.

दुसरे महायुद्ध संपल्यावर तीच चूक पुन्हा होण्याची चिन्हे दिसू लागली. जर्मनीच्या पोलाद उत्पादनावर मित्रराष्ट्रांनी वर्षाला १ कोटी ११ लाख टनांची मर्यादा घातली होती. रूरवर देखरेख करण्यासाठी आंतरराष्ट्रीय मंडळ नेमले होते. सारलँड हा कोळशाने समृद्ध जर्मनभाषी प्रदेश फ्रान्सने आपल्या आर्थिक छत्राखाली घेतला होता. परंतु १९५० पर्यंत अमेरिकेला जर्मनी सावरायला हवा होता, आणि ही मर्यादा उठणार हे स्पष्ट होते. जर्मन भट्ट्या पेटल्या की त्यांचा कोक जर्मनीतच राहणार, फ्रेंच कारखाने उपाशी राहणार, आणि मग जुन्या भयाला नवे रूप येणार. मोने तेव्हा फ्रान्सच्या पुनर्बांधणी योजनेचा प्रमुख होता, म्हणजे हा प्रश्न त्याच्याच मेजावर होता. मार्च महिन्यात तो आल्प्सच्या डोंगरांत पायी भटकायला गेला आणि परतल्यावर दोन-तीन सहकाऱ्यांसह त्याने एक मसुदा सिद्ध केला. मागणी सोपी होती: फ्रान्स आणि जर्मनी यांचे कोळसा व पोलादाचे सारे उत्पादन एका सामाईक, स्वतंत्र प्राधिकरणाखाली आणावे, आणि इतर देशांनाही त्यात येण्यास मोकळीक असावी.

हा मसुदा परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांच्या हाती पडला. शुमान हे एक निराळेच व्यक्तिमत्त्व. जन्म लक्झेंबर्गमधला, वडील लॉरेनचे. वडील जन्माने फ्रेंच, पण सीमा सरकल्यामुळे जर्मन झालेले. शुमान स्वतः जन्माने जर्मन नागरिक, जर्मन विद्यापीठांत कायदा शिकलेले, आणि सीमा पुन्हा सरकल्यामुळे तिशी ओलांडल्यावर फ्रेंच झालेले. १९४० साली त्यांना जर्मन गुप्त पोलिसांनी पकडले होते. अविवाहित, साधे, चर्चला नियमित जाणारे गृहस्थ. एप्रिलअखेरीच्या एका शनिवार-रविवारी ते गाडीने मेट्झच्या घरी गेले, मसुदा वाचला, आणि परतल्यावर आपल्या सचिवास सांगितले की हे काम मी अंगावर घेतो.

९ मे १९५० रोजी सकाळी त्यांचा विश्वासू दूत बॉनला चॅन्सेलर आडेनाउअर यांच्याकडे पत्र घेऊन गेला. इकडे पॅरिसमध्ये मंत्रिमंडळाची बैठक चालू होती. आडेनाउअर चौऱ्याहत्तर वर्षांचे, कोलोनचे जुने महापौर. त्यांनी वाचताच होकार दिला. तो होकार हाती आल्यावरच शुमान यांनी विषय मंत्रिमंडळापुढे ठेवला आणि संध्याकाळी वार्ताहरांसमोर योजना जाहीर केली. घाई इतकी, की छायाचित्रकारांना बोलावणेही राहून गेले. आज जे छायाचित्र सर्वत्र दिसते ते नंतर मुद्दाम बसवून काढलेले आहे. ही अंधारात मारलेली उडीच नव्हे काय, असे एका वार्ताहराने विचारले, आणि शुमान यांनी ते मान्य केले.

१८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसला सहा देशांनी करारावर सह्या केल्या: फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग. कागद हॉलंडचा, शाई जर्मनीची, छपाई फ्रान्सची, बांधणी बेल्जियम व लक्झेंबर्गची, आणि फिती इटलीच्या रेशमाच्या. हा सोहळ्याचा भाग झाला. भागीदारीपत्र म्हणून तो दस्तऐवज अधिक मनोरंजक आहे.

एक तर त्यात मुदत होती, पन्नास वर्षांची. दुसरे म्हणजे, शेजाऱ्यावर विश्वास ठेवा, असे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. आदल्या पाच-सहा वर्षांपूर्वी ज्यांनी एकमेकांची शहरे जाळली, त्यांना विश्वास ठेवा म्हणून सांगणे हास्यास्पद ठरले असते. करारात होते ते असे, की कोणाची खाण किती कोळसा काढते, कोणाचा कारखाना किती पोलाद करतो, कोणत्या भावाने विकतो, हे सर्वांना दिसेल. नऊ सदस्यांच्या उच्च प्राधिकरणास कंपन्यांचे हिशेब तपासण्याचा अधिकार होता, आणि त्या सदस्यांनी स्वतःच्या देशाच्या सरकारकडून आदेश घ्यायचे नाहीत, अशी अट होती. खर्चासाठी सहा सरकारांपुढे हात पसरावे लागू नयेत, म्हणून उत्पादनावर थेट अल्पसा आकार बसवला. नेहमीच्या परिस्थितीत तो एक टक्क्याहून अधिक नसावा असे ठरले. पहिला अध्यक्ष अर्थातच मोने. वहिवाटीच्या सर्व चोपड्या उघड्या राहिल्या, की भागीदार प्रामाणिक आहे की नाही याची रात्रंदिवस चिंता करावी लागत नाही. एवढे व्यापारी शहाणपण त्या कलमांत होते.

विक्रीच्या दरपत्रकाचे कलम तर आपल्या बाजारपेठेतील कोणालाही क्षणभर थांबवील. प्रत्येक कारखान्याने आपले दर आणि अटी प्रसिद्ध करायच्या आणि त्या दराहून वेगळा भाव गुपचूप द्यायचा नाही, कारण दुसऱ्या देशाच्या गिऱ्हाइकास एक भाव आणि आपल्या माणसास दुसरा, यातूनच जुनी भांडणे निघत. पण १९५३च्या सुमारास पोलादाला मागणी मंदावली आणि सर्वत्र छुपी सूट सुरू झाली. मोने यांनी तडजोड काढली, की सरासरी अडीच टक्क्यांपर्यंत दर वरखाली झाला तर नवे दरपत्रक काढण्याची गरज नाही. फ्रान्स आणि इटली या दोन भागीदारांनीच त्याविरुद्ध नव्या न्यायालयात दावा लावला. २१ डिसेंबर १९५४ रोजी त्या न्यायालयाने आपला पहिलाच निकाल दिला आणि अडीच टक्क्यांची सवलत रद्द केली: प्रसिद्ध दर म्हणजे प्रत्यक्ष दर. युरोपच्या ज्या न्यायालयाचे निर्णय आज मोठमोठ्या राष्ट्रांना बांधतात, त्याची सुरुवात दरपत्रकातील अडीच टक्क्यांपासून झाली, आणि तीही संस्थापकाच्या पराभवाने. मला ही घटना त्या करारावरील सह्यांच्या सोहळ्याहून मोठी वाटते.

रेल्वेभाड्याची कथाही अशीच. मालगाडी सीमा ओलांडताना न थांबता जाई, पण भाडे मात्र सीमेवर तुटे. जणू माल तेथे उतरवून पुन्हा भरला आहे, असे धरून दोन स्वतंत्र प्रवासांचे पैसे आकारले जात. लांबच्या पल्ल्याला मिळणारी सवलत त्यामुळे परदेशी मालाला कधीच मिळत नसे. जकातीच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा पाहिलेल्या आपल्या पिढीला याचे मर्म सांगावे लागू नये. १९५५ पासून ही भाडेतोड टप्प्याटप्प्याने नाहीशी झाली.

बेल्जियमच्या खाणी जुन्या, खोल आणि महाग होत्या. खुल्या बाजारात त्या टिकणार नव्हत्या, आणि बेल्जियमशिवाय भागीदारी होणार नव्हती. तेव्हा जर्मनी आणि हॉलंडच्या स्वस्त खाणींनी पाच वर्षे आपल्या विक्रीतून वर्गणी द्यावी आणि त्यातून बेल्जियमच्या खाणींना सावरण्यास वेळ मिळावा, असे ठरले. युद्धात बेल्जियम तुडवणाऱ्या जर्मनीने बेल्जियन खाणकामगाराच्या चुलीसाठी पैसे मोजले. ते आनंदाने मोजले, असे म्हणता येणार नाही; पण मोजले.

याच बेल्जियममध्ये या भागीदारीचा सर्वांत काळा दिवस उगवला. खाणीत उतरायला बेल्जियन तरुण तयार नव्हते, म्हणून १९४६ साली इटलीशी करार झाला होता: इटलीतून माणसे जातील, बदल्यात इटलीला कोळसा मिळेल. दक्षिणेच्या दरिद्री खेड्यांतून हजारो तरुण आले आणि युद्धकैद्यांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या झोपड्यांत राहिले. ८ ऑगस्ट १९५६ रोजी सकाळी शार्लरवाजवळ मार्सिनेल येथील ब्वा दु काझिए खाणीत ९७५ मीटर खोलीवर एक वाघीण पाळण्यात नीट बसली नाही. पाळणा वर ओढला गेला, बाहेर आलेल्या वाघिणीने विजेच्या तारा आणि तेलाची नळी तोडली, आग लागली. २६२ माणसे गेली. त्यांत १३६ इटालियन होते आणि ९५ बेल्जियन. दारावर दोन आठवडे बायका उभ्या होत्या. पंधराव्या दिवशी बचाव पथकाने वर येऊन सांगितले, की खाली कोणीही जिवंत नाही.

पॅरिसच्या करारात दर होते, भाडे होते, आकार होता. खाणीतील सुरक्षितता मात्र प्रत्येक देशाचा घरगुती प्रश्न म्हणून बाहेर ठेवली होती. मार्सिनेलनंतर उच्च प्राधिकरणाने परिषद बोलावली आणि १९५७ साली खाण सुरक्षेसाठी कायमचे मंडळ स्थापन झाले. सामाईक समृद्धीचा हिशेब मांडताना हे २६२ जीव कोणत्या खात्यावर लिहायचे, हा प्रश्न तेव्हा इटलीत विचारला गेला आणि तो योग्यच होता.

सर्वच डाव यशस्वी झाले नाहीत. ब्रिटनला १९५० सालीच आमंत्रण होते. नुकत्याच राष्ट्रीयीकृत केलेल्या कोळसा खाणी परक्या मंडळाच्या हाती देणे त्यास मानवले नाही. ते १९७३ साली आले आणि २०२० साली बाहेरही पडले. सैन्यही एकत्र करण्याचा सहा देशांचा करार १९५२ साली झाला, पण ३० ऑगस्ट १९५४ रोजी तो फ्रान्सच्याच संसदेने उधळला. संरक्षणाचा भार पुढे अमेरिकेच्या छत्रावर राहिला. म्हणून केवळ कोळशाच्या पेढीमुळे युरोपात शांतता नांदली, असे जे भाषणांत सांगितले जाते, ते अतिशयोक्तीचे आहे. अमेरिकेचे सैन्य, अमेरिकेचा पैसा आणि पूर्वेकडून वाटणारे भय, या तिन्हींचा त्यात वाटा होता.

परंतु सारलँडचा प्रश्न सुटला तो मात्र या पेढीच्या सवयीमुळेच. ऑक्टोबर १९५५ मध्ये तेथील दोनतृतीयांश मतदारांनी फ्रान्सला सोयीची व्यवस्था नाकारली. वीस वर्षांपूर्वी यावरून सैन्ये हलली असती. फ्रान्सने १ जानेवारी १९५७ रोजी तो प्रदेश जर्मनीत जाऊ दिला, आणि मोबदल्यात काय मागितले? मोझेल नदी मोठ्या नावांना योग्य अशी खोल करून द्या, म्हणजे लॉरेनच्या कारखान्यांना कोळसा पाण्याने येईल. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांनी मिळून कोब्लेंझपासून थिओनव्हिलपर्यंत सुमारे २७० किलोमीटरचा जलमार्ग बांधला. १९६४ साली तो खुला झाला. भूमीचा दावा सोडला आणि वाहतुकीचा हक्क घेतला. या नदीच्या काठी, तीन देशांच्या सीमा मिळतात तेथे, शेंगेन नावाचे द्राक्षमळ्यांचे खेडे आहे. १९८५ साली त्याच नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर पाच देशांनी सीमेवरील तपासणी उठवण्याच्या करारावर सह्या केल्या.

आपल्या समाजाचा या इतिहासाशी संबंध अँटवर्पमध्ये येतो. पालनपूरहून मुंबईत आणि मुंबईहून अँटवर्पमध्ये गेलेली हिरे व्यापाऱ्यांची कुटुंबे आता तेथे दोन-तीन पिढ्या स्थिरावली आहेत. विल्रेक भागातील संगमरवरी देरासर अनेक वाचकांनी पाहिले असेल. ही कुटुंबे आली तेव्हा १९५७ च्या रोम करारातून निघालेला सामाईक बाजार उभा राहिला होता आणि १ जुलै १९६८ पासून सहा देशांतील आपसातील सीमाशुल्क संपले होते. अँटवर्पहून पॅरिसला वा मिलानला जाणाऱ्या हिऱ्यांच्या पाकिटावर जकात नाही, ही गोष्ट नव्या पिढीला निसर्गनियमासारखी वाटते. तिच्या मुळाशी कोळशाच्या वाघिणी आहेत.

असेच आपल्याकडे का होत नाही, हा प्रश्न प्रत्येक सभेत विचारला जातो. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्याला सार्कची स्थापना झाली. शेवटची शिखर परिषद २०१४ साली काठमांडूत भरली. सदस्य देशांचा आपसातील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के आहे. युरोपचा नमुना उचलून आणता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे: तेथे फ्रान्स आणि जर्मनी जवळजवळ तुल्यबळ होते, येथे एक भागीदार इतर सर्वांच्या बेरजेहून मोठा आहे, आणि दहशतवादाची जखम वाहती आहे. तरी लहान वाघिणी येथेही चालू लागल्या आहेत. नेपाळची ४० मेगावॅट जलविद्युत भारताच्या वाहिन्यांतून बांगलादेशाला देण्याचा तिन्ही देशांचा करार ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. आकडा क्षुल्लक आहे. ढाक्यात सत्तापालट होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तरी सह्या झाल्या, हे अधिक लक्षात घेण्यासारखे.

कोळसा-पोलादाच्या मूळ पेढीचे पुढे काय झाले? १९५८ नंतर स्वस्त तेल आले आणि खाणींच्या तोंडाशी न विकलेल्या कोळशाचे डोंगर साचले. उच्च प्राधिकरणाने संकटकाळचे अधिकार मागितले, तर सरकारांनी ते नाकारले. खाणी एकेक करून बंद पडल्या; कामगारांना नवे काम शिकवण्यासाठी आणि घरे बांधण्यासाठी पेढीचा पैसा गेला. फ्रान्सची शेवटची कोळसा खाण लॉरेनमध्येच २००४ साली बंद झाली आणि रूरमधली शेवटची २१ डिसेंबर २०१८ रोजी. ज्या मालासाठी तीन युद्धे झाली तो माल आता कोणास नको आहे.

भागीदारीपत्राची मुदत २३ जुलै २००२ रोजी संपली, ठरल्याप्रमाणे पन्नास वर्षांनी. देणे भागवून शिल्लक उरली होती. ती भागीदारांनी वाटून घेतली नाही. कोळसा व पोलादाच्या संशोधनासाठी तिचा निधी केला, आणि त्या रकमेवरील उत्पन्न आजही त्याच खात्यावर खर्ची पडते.